काळा कडप्प्याचा जुना ओटा न फोडता घरच्या घरी नीट कसा करायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: परळच्या जुन्या इमारतीतला सुमारे ३५ वर्षांचा काळा ओटा, ८ फूट लांब, २ फूट रुंद. चकाकी गेली आहे, जागोजागी पांढुरके ठिपके आणि वाटीच्या बुडाएवढे गोल वण पडलेत. सिंकजवळचा सांधा काळा पडलाय आणि पाणी खालच्या कपाटात झिरपतंय. पुढच्या कडेचा एक टवका उडालाय. ओटा फोडायचा नाही. घरी काय करता येईल, आणि वरून इपॉक्सी ओतणं किंवा मार्बलसारखा दिसणारा स्टिकर चिकटवणं कितपत चांगलं?

फोडायची गरज नाही. इंचभर जाडीचा दगड ३५ वर्षांत संपत नाही. बिघडतो तो वरचा केसभर थर आणि सांध्यातला माल. या दोन्ही गोष्टी घरी दुरुस्त होतात. फक्त एक लक्षात ठेवा: दिसणारे डाग हे निम्मं काम आहे, उरलेलं निम्मं काम सांध्यांचं आहे. बहुतेक जण पॉलिशवर दोन रविवार घालवतात आणि सांध्यात व्हाइट सिमेंट भरून मोकळे होतात. तो ओटा पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तसाच दिसतो.

सगळ्यात आधी दगड ओळखा. मुंबईच्या घरांत 'काळा ओटा' म्हणजे कडप्पा किंवा काळा ग्रॅनाइट, आणि या दोघांची औषधं एकमेकांच्या उलट आहेत. कडप्पा आंध्रच्या कडप्पा जिल्ह्यातला चुनखडक आहे, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. कोटा आणि मार्बल त्याच कुळातले. ग्रॅनाइट पूर्ण वेगळा आणि कितीतरी कठीण. ओळखायला दोन चाचण्या पुरतात, पण त्या मिक्सरच्या मागे किंवा शेगडीखाली, नजरेआडच्या जागी करा. पहिली: स्टीलच्या सुरीच्या टोकाने हलकी रेघ ओढा. कडप्प्यावर पांढुरकी रेघ उमटते आणि बोटाने पुसल्यावरही खाच लागते. ग्रॅनाइटवर सुरीचाच करडा माग उरतो, तो पुसला जातो. दुसरी: जागा स्वच्छ घासून, कोरडी करून लिंबाच्या रसाचा एक थेंब टाका आणि ५ मिनिटांनी पुसा. कडप्प्यावर बारीक बुडबुडे येतात किंवा मागे फिका, खरखरीत ठिपका राहतो. ग्रॅनाइटवर काहीच होत नाही.

तुमच्या वर्णनातले गोल वण बघता हा कडप्पाच असणार. लिंबाची फोड, कोकम भिजवलेली वाटी, चिंचेचा कोळ, दही, टोमॅटो या सगळ्यांतलं आम्ल चुनखडक खातं. तो वण डाग नसतो, तिथला दगडच विरघळलेला असतो. त्यामुळे तो कितीही धुतला तरी जात नाही.

इथे एक सोपी परीक्षा करा, तिच्यावर पुढचं सगळं ठरतं. ओला फडका फिरवून सगळा ओटा काळाभोर ओला करा आणि खिडकीच्या उजेडात तिरपं बघा. ओलं असताना जे पांढुरके ठिपके गायब होतात आणि वाळल्यावर परत येतात, ते आम्लाचे वण किंवा बारीक ओरखडे आहेत. त्यांना घासूनच काढावं लागेल. ओलं असतानाही जे आजूबाजूपेक्षा गडद दिसतं, ते आत मुरलेलं तेल किंवा ओल. तपकिरी दिसतो तो गंज, बहुधा लोखंडी तव्याचा किंवा डब्याच्या बुडाचा. आणि दगडाच्या पोटातून जाणाऱ्या वाकड्यातिकड्या पांढऱ्या शिरा दिसल्या तर त्यांना हात लावू नका. ती कॅल्साइटची नैसर्गिक शीर असते, खरवडून जात नाही.

सांध्याच्या कडेने पांढरी भुकटी येत असेल, पुसली तरी चार दिवसांत परत येत असेल, तर ते आतल्या ओल्या सिमेंटमधले क्षार आहेत. मुंबईत महापालिकेचं पाणी भातसा, वैतरणा, तानसा अशा तलावांचं, बऱ्यापैकी मऊ असतं. त्याने नळाखाली जाड पांढरा थर सहसा साचत नाही. बोअरचं किंवा टँकरचं पाणी वापरात असेल तर गोष्ट वेगळी. पण नुसत्या पालिकेच्या पाण्यावर सांध्याशी भुकटी येत असेल तर ओट्याखाली पाणी मुरतंय असंच धरून चाला.

आता धुणं. ३५ वर्षांच्या ओट्यावर तेलाच्या वाफेचं किटण, साबणाचा थर आणि कधीकाळी लावलेलं खोबरेल तेल असं सगळं एकावर एक बसलेलं असतं. ते न काढता वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर, फिरवला तर पेपर दोन मिनिटांत तुपकट होऊन बसतो. १ लिटर गरम पाण्यात २ मोठे चमचे धुण्याचा सोडा विरघळवा, रबरी हातमोजे घाला, ओट्यावर पसरवा आणि १०-१५ मिनिटं वाळू न देता राहू द्या. नायलॉनच्या ब्रशने घासा. शेगडीच्या मागचा चिवट थर जुन्या ब्लेडने, ब्लेड जवळजवळ आडवं धरून, खरवडा. तारेची घासणी वापरू नका. तिचे तुकडे दगडाच्या छिद्रांत अडकतात आणि महिन्याभरात तिथे गंजाचे ठिपके उठतात. धुऊन झालं की साध्या पाण्याने दोनदा पुसून घ्या. हळदीच्या डागावर सोडा पडला की तो कुंकवासारखा लाल होतो. घाबरू नका, साध्या पाण्याने पुसल्यावर तो परत पिवळट होतो. हळद उन्हाने आपोआप उडते, खिडकीजवळच्या भागाला काही करावं लागत नाही.

बाथरूमसाठी मिळणारं ॲसिड ओट्यावर कधीही टाकू नका. कडप्प्यावर ते फसफसतं, वर फेस दिसतो, लोकांना वाटतं मळ निघतोय. निघत असतो तो दगड. शिवाय ते सांध्यातलं सिमेंट खातं आणि स्टीलच्या सिंकला बारीक छिद्रं पाडतं. आणि ॲसिड व ब्लीच एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो. बंद खिडकीच्या छोट्या स्वयंपाकघरात तो जिवावर बेतू शकतो.

धुऊन ओटा एक दिवस पंख्याखाली वाळवा. वाळल्यावर तेलाचे गडद डाग उरले असतील तर लेप लावा. काळ्या कडप्प्याला मुलतानी माती चालते. पांढऱ्या मार्बलला मात्र तिच्यातल्या लोहामुळे पिवळट छटा येऊ शकते, तिथे खडूची पूड घ्या. वाटीभर पूड ॲसिटोनमध्ये थालीपीठाच्या पिठाइतकी घट्ट कालवा, डागाच्या बाहेर बोटभर जाईल असा ५-६ मिलिमीटर जाडीचा थर द्या, वर प्लास्टिकची पिशवी ठेवून कडेने टेप लावा. २४ तासांनी टेप काढून लेप पूर्ण वाळू द्या. खरं काम या वाळण्यातच होतं: ॲसिटोन तेल पातळ करतं आणि वाळताना पूड ते वर ओढून घेते. लेप कडेकडेने फिका पडून तडकतो, मधला भाग सगळ्यात शेवटी वाळतो. मध्यावर तेलकट पिवळा पट्टा दिसला तर डाग निघतोय. लेप ओला असतानाच पुसला तर तेल परत दगडात जातं. जुन्या डागाला दोन-तीन फेऱ्या लागतात. ॲसिटोन पेट्रोलसारखं भडकतं, म्हणून सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, देवापुढचा दिवा बंद, खिडकी उघडी. पाइप गॅस असेल तर कॉक बंद ठेवा, पण जोडणी स्वतः सोडवू नका.

कडेचा टवका घासायच्या आधी भरायचा, म्हणजे भरलेला माल दगडाबरोबरच सपाट होतो. उडालेली जागा ॲसिटोनने पुसून पूर्ण कोरडी करा. साधा, सावकाश सुकणारा दोन ट्यूबवाला इपॉक्सी पाकिटावर दिलेल्या प्रमाणात घ्या. चिमूटभर काळा ऑक्साइड रंग आणि कडप्प्याची वाळलेली पूड (ती नजरेआडचा कोपरा वॉटर पेपरने थोडा घासून आधीच काढून ठेवा) त्यात मिसळा. पूड घातल्याशिवाय नुसता काळा इपॉक्सी प्लास्टिकसारखा चमकतो आणि लांबून ओळखू येतो. ओट्याच्या पुढच्या पट्टीला टेप लावून एक छोटा बांध करा, माल भरा आणि दगडापेक्षा १ मिलिमीटर वर राहू द्या. २४ तासांनी जास्तीचा माल ब्लेडने खरवडा. थंडीत किंवा पावसाळ्यात ३६ तास थांबा. नखाने दाबल्यावर खूण उमटली तर अजून कच्चा आहे. पांढऱ्या मार्बलवर इपॉक्सी वापरू नका, वर्षभरात पिवळा पडतो. तिथे दगडकाम करणारे वापरतात तो पॉलिस्टर मास्टिक घ्या. त्यात हार्डनर २ ते ३ टक्केच. जास्त टाकला तर हातातच दगड होतो आणि भरलेली जागा ठिसूळ होते.

टवका वेगळा, तडा वेगळा. सिंकच्या कोपऱ्यातून पुढच्या कडेकडे गेलेला तडा असेल तर त्यावर नख आडवं फिरवा. नख अडकलं नाही, दोन्ही बाजू एका पातळीत असतील, तर पातळ सुपरग्लू आत सोडून वरून इपॉक्सी भरता येतो. नख अडकलं, म्हणजे एक बाजू खाली बसली आहे. सिंकच्या पुढची पट्टी जेमतेम दोन-तीन इंच रुंद असते आणि सगळ्यांचा भार तिच्यावर पडतो. खालून आधार दिल्याशिवाय तिथे काहीही भरलं तरी परत तडकेल. हे काम गवंड्याला बोलावून करा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ओटाभर टकटक करून बघा. पोकळ आवाज येणारी जागा खडूने आखून ठेवा आणि तिथे जोर देऊन घासू नका.

आता घासणं. मशीन लावायचं की हाताने, हा मोठा प्रश्न आहे. कडप्पा मऊ दगड आहे, १६ चौरस फूट हाताने होतात. ६ ते ८ तासांची मेहनत आहे, दोन दिवसांत वाटून घ्या. घरात पडलेला ४ इंची ग्राइंडर यासाठी चालत नाही. तो मिनिटाला ११,००० च्या आसपास फिरतो, ओले पॉलिश पॅड साधारण ४,५०० पर्यंतच चालवायचे असतात. जास्त वेगात पॅड जळतो, दगडावर काळे-तपकिरी गोल उठतात आणि नवख्या हाताने एका जागी खड्डा पडतो. वर पाणी आणि वीज एकत्र. पाण्याची सोय असलेला, वेग कमी-जास्त करता येणारा पॉलिशर भाड्याने मिळाला आणि घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असेल तरच मशीनचा विचार करा.

हाताने करायला काळा वॉटर पेपर लागतो. नंबर जितका मोठा तितका कागद बारीक. नागदेवी स्ट्रीटवर सगळे नंबर मिळतात, गल्लीतल्या रंगाच्या दुकानातही बहुतेक मिळतात. १६ चौरस फुटांसाठी १२० नंबरचे ४, २२० चे ६, ४०० चे ४ आणि ६०० चे ४ कागद पुरतात. कागदाचे चार तुकडे करून रबरी किंवा लाकडी ठोकळ्याला गुंडाळा. नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांच्या जागी नाले पडतात. ते ओलं असताना दिसत नाहीत, ट्यूबलाइट लावल्यावर लाटांसारखे दिसतात.

नखाला वण खोलगट लागत असतील तर १२० पासून सुरुवात करा, नाहीतर २२० पासून. स्प्रे बाटलीत पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब. दोन-दोन फुटांचे भाग पाडा. पहिला नंबर ओट्याच्या लांबीच्या दिशेने, पुढचा आडवा, त्यानंतरचा परत लांबीला. याचं कारण साधं आहे: आडवं घासताना आधीच्या उभ्या रेघा अजून दिसत असतील तर त्या नंबरचं काम झालेलं नाही. काळ्या दगडावर काम फसतं ते नेमकं इथे. ओला कडप्पा प्रत्येक वेळी सुंदर दिसतो आणि माणूस पुढच्या नंबरवर जातो. मग ६०० झाल्यावर दगड वाळतो आणि १२० च्या रेघा उघड्या पडतात. मागे १२० पर्यंत परत जाण्यावाचून मार्ग नसतो. म्हणून प्रत्येक नंबरनंतर भाग धुवा, फडक्याने कोरडा करा, १० मिनिटं पंखा लावा आणि मोबाइलची बॅटरी ओट्याला जवळजवळ टेकवून आडव्या उजेडात बघा. २२० ला चौरस फुटामागे साधारण १० मिनिटं द्यावी लागतात. त्यापुढच्या नंबरांना त्याच्या निम्मी.

घासताना निघणारा करडा चिखल हा चांगला संकेत आहे. तो पातळ दुधासारखा असताना कागद कापतोय. चिखल घट्ट, गुळगुळीत झाला आणि कागद घसरायला लागला की पाणी मारा किंवा तुकडा बदला. हा चिखल सिंकमध्ये ओतू नका. दगडाची पूड सिंकखालच्या वाकड्या नळीत, म्हणजे ट्रॅपमध्ये, बसून सिमेंटसारखी घट्ट होते, आणि जुन्या इमारतीत पाइप सामाईक असतो, तुंबतं खालच्या मजल्यावर. वायपरने बादलीत ओढा, रात्रभर बसू द्या, वरचं पाणी संडासात टाका आणि खालचा गाळ वर्तमानपत्रात वाळवून कचऱ्यात द्या. थोडा वाळलेला गाळ डबीत ठेवा, पुढेमागे टवका भरायला त्याच रंगाची पूड हाताशी राहते. कोरडं घासायचं नाही. धूळ घरभर उडते, आणि तिच्यातली सिलिका फुप्फुसात कायमची बसते. ती कडप्प्याच्या धुळीतही थोडी असू शकते, ग्रॅनाइटच्या धुळीत बरीच असते. तिथे पाणी आणि एन-९५ मास्क दोन्ही लागतात.

फक्त वणाच्या जागीच घासायचा मोह आवरा. तेवढाच गोल वेगळ्या पोताचा होतो आणि आधीच्या डागापेक्षा जास्त डोळ्यात भरतो. एका सांध्यापासून दुसऱ्या सांध्यापर्यंतची अख्खी लादी एकाच नंबरवर संपवायची.

६०० वर थांबा. पुढे १५००, ३००० करून आरसा करता येतो, पण स्वयंपाकाच्या ओट्यावर तो करू नये असं माझं ठाम मत आहे. मराठी स्वयंपाकात कोकम, चिंच, लिंबू रोजचं. आरशावर लिंबाचा पहिला थेंब पडला की ठिपका लख्ख दिसतो, ६०० च्या मंद तुकतुकीवर तोच ठिपका जेमतेम जाणवतो आणि ६०० चा तुकडा चार हात फिरवला की मिटतो. आरसा हवाच असेल तर तो समोरच्या पट्टीवर करा, तिथे काही सांडत नाही. दुकानात पॉलिशसाठी ऑक्झॅलिक ॲसिडची पूड दाखवतील. मार्बलच्या फरशीवर मशीनने ती वापरतात, पण ती विषारी आहे. अन्न ठेवायच्या जागी, हाताने घासताना, तिची गरज नाही.

तुमचा ओटा ग्रॅनाइटचा निघाला तर हे घासणं पूर्ण वगळा. ग्रॅनाइटची चकाकी सहसा जात नाही, तिच्यावर थर बसतो. सोड्याने धुणं, ब्लेड आणि ॲसिटोनचा फडका एवढ्यात ८-१० वर्षांनी धुरकट दिसणारा काळा ग्रॅनाइट परत चमकतो. ॲसिटोनच्या पांढऱ्या फडक्यावर काळा रंग उतरला तर मात्र थांबा. दगड मुळात करडा आहे आणि वरून रंगवलेला आहे. मॉड्युलर किचनमधला क्वार्ट्झ हा दगडाची पूड आणि राळ यांचा असतो. त्याला घरी पॉलिश करू नका, ढग उठतात.

घासून झाल्यावर सांधे. हे मुद्दाम शेवटी ठेवलंय. आधी सांधा उघडला तर घासतानाचं पाणी थेट ओट्याखाली जातं, म्हणून तोवर जुन्या सांध्यावर टेप असू द्या. आता ओटा आणि भिंतीच्या टाइल्स यांमधला, सिंकच्या कडेचा आणि दोन लाद्यांमधला काळा पडलेला माल कटरने आणि पातळ पटाशीने काढा. ५-६ मिलिमीटर खोल, जुनं सिलिकॉन असेल तर त्याचा कणही ठेवू नका. जुन्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन चिकटत नाही. आणि त्यातली काळी बुरशी वरची नसते, आतपर्यंत गेलेली असते. ब्लीचने ती फिकी पडते, जात नाही.

मग वाळवणं, आणि यात घाई नको. पंखा लावून किमान ४८ तास, सिंकच्या भोवती ७२. त्या काळात भांडी मोरीत किंवा बाथरूममध्ये घासा. वाळलं का हे बघायला सिंकशेजारी फूटभर प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने चिकटवून एक दिवस ठेवा. आतून दव आलं किंवा दगड तिथे गडद झाला तर ओल अजून आहे. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईच्या हवेत हे वाळणं लांबतच जातं. हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत काढा.

वाळलेल्या दगडाला आत मुरणारा सीलर लावा, वर थर धरणारं वॉर्निश नाही. सांध्याच्या ओळींवर आधी मास्किंग टेप, कारण सीलर पडलेल्या कडेला सिलिकॉन नीट धरत नाही. सुती फडक्याने सारखा ओला थर द्या, डब्यावर लिहिलेला वेळ, साधारण १०-१५ मिनिटं, थांबा आणि जास्तीचा सगळा पुसून काढा. वर राहिलेला सीलर वाळून चिकट पांढुरके पट्टे देतो. दुसऱ्या दिवशी पाण्याचा थेंब टाका. १५ मिनिटांत खालचा दगड गडद झाला नाही तर पुरे, झाला तर दुसरा हात. सीलर तेल आणि पाणी मुरू देत नाही, लिंबाचा वण मात्र तो थांबवत नाही. दुकानदार काहीही सांगो.

सीलर नको, पण रंग काळाभोर हवा असेल तर औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन ८ फुटांना २-३ चमचे चोळा आणि अर्ध्या तासाने कोरडं पुसा. खोबरेल लावायची जुनी पद्धत सोडून द्या. खोबरेल खवट होतं, त्यावर धूळ बसते आणि काही महिन्यांत आपण सोड्याने खरवडलं ते किटण परत तयार होतं.

आता सिलिकॉन. भिंत आणि ओटा या सांध्यात व्हाइट सिमेंट का टिकत नाही? भिंत आणि दगड उष्णतेने आणि भाराने वेगवेगळे हलतात, सिमेंट हलू शकत नाही, केसभर भेग पडते आणि तिथून पाणी आत जातं. तिथे लवचीक मालच हवा. विकत घेताना 'न्यूट्रल' लिहिलेलं, बुरशीरोधक सिलिकॉन मागा. साधं स्वस्त सिलिकॉन व्हिनेगरसारखा वास मारतं. सुकताना ते ॲसिटिक आम्ल सोडतं आणि कडप्प्याच्या, मार्बलच्या कडेला फिकी रेघ पाडतं. तुमच्या ओट्याला एक ट्यूब पुरते. सांध्याच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप, नळीचं तोंड ४५ अंशांत ५ मिलिमीटर कापलेलं, एका दमात ओढलेली रेघ, साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने एकच हात आणि टेप लगेच, ओलं असतानाच काढायची. दिवसाला साधारण २-३ मिलिमीटर आतपर्यंत सुकतं, म्हणून ४८ तास सिंक बंद. दोन लाद्यांमधल्या बारीक सांध्यात इपॉक्सी ग्राउट (सांधे भरायचा इपॉक्सीचा माल) चालतो. मुंबईच्या उकाड्यात त्याला अर्धा तासही हाताळायला मिळत नाही, थोडाथोडा कालवा आणि दगडावर आलेला धूसर थर सुकायच्या आत पुसा.

कपाटात झिरपणारं पाणी यानेही थांबलं नाही तर सिंकच्या जाळीची वायसर आणि वेस्ट पाइप बघा. सिंक तोंडापर्यंत भरून ठेवा. भरलेलं असताना खाली थेंब पडला तर जाळीची वायसर गेलीय, सोडल्यावर पडला तर पाइप.

राहिले स्टिकर आणि ओतायचा इपॉक्सी. स्टिकर भाड्याच्या घरात वर्षभरासाठी, शेगडी आणि सिंकपासून लांबच्या कोरड्या भागावर ठीक आहे. सिंकजवळ त्याची कड सुटते, खाली पाणी आणि झुरळं जमतात आणि सांध्याची गळती दिसायची बंद होते. ओतलेला इपॉक्सी पहिल्या महिन्यात फार देखणा दिसतो. पण साधा इपॉक्सी ६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो, आणि शिट्ट्या झालेल्या कुकरचं बूड १०० च्या बरंच वर असतं. एकदा गोल वण उठला की तो निघत नाही. शिवाय खालून ओल येणाऱ्या कडप्प्यावर तो पापुद्र्यासारखा सुटतो, आणि मग तो काढायला मशीनच आणावं लागतं.

हे सगळं स्वतः करायची ताकद नसेल आणि पॉलिशवाल्याला बोलावलं, तर काम सुरू व्हायच्या आधी तीन गोष्टी ठरवून घ्या: ॲसिडने धुणार नाही, मधला नंबर गाळणार नाही, आणि भिंतीच्या सांध्यात व्हाइट सिमेंट न भरता न्यूट्रल सिलिकॉन भरणार. सोसायटीच्या कामाच्या वेळा आधी विचारून घ्या आणि पाणी वापरायचं काम असल्याने खालच्या घरात सांगून ठेवा. ओट्यामागच्या भिंतीतल्या सॉकेटांचा एमसीबी काम संपेपर्यंत बंद ठेवायचा, आणि मशीनची वायर पाण्यातून न नेता बाहेरच्या खोलीतल्या सॉकेटवरून, वरून टांगून आणायची.